पारलिंगी मॉडेल आणि मनाचं आरोग्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः मुंबईच्या फॅशन क्षेत्रात काम करणाऱ्या किंवा तिथे येऊ पाहणाऱ्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) व्यक्तींसाठी आहे. त्यांच्यासोबत काम करणारे कोऑर्डिनेटर (मॉडेलची कामं जुळवणारे), डिझायनर, स्टायलिस्ट, ड्रेसर (कपडे घालायला मदत करणारे) आणि घरची माणसं यांनाही ते उपयोगी पडेल.

जगणं नकोसं झालंय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय. काय करू?

बाकीचं पान नंतर वाचा. आधी १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. विश्वासातल्या एका माणसाला बोलावून घ्या आणि एकटे राहू नका. घरात गोळ्यांचा साठा असेल तर तो त्या माणसाच्या ताब्यात द्या. इजा झालेली असेल तर थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तिथे ओळखपत्रावरचं नाव आणि तुमचं नाव वेगळं असलं तरी उपचार नाकारता येत नाहीत.

पारलिंगी असणं हा मानसिक आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली आहे. ही आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि २०२२ पासून लागू झाली. शरीर आणि स्वतःची ओळख यांचा मेळ न बसल्याने जी तीव्र अस्वस्थता होते तिला जेंडर डिस्फोरिया म्हणतात. ती प्रत्येकाला होते असं नाही, आणि झाली तरी दिवसागणिक कमीजास्त होते. याशिवाय नैराश्य, घबराट, झोप उडणं, खाण्याचे विकार हे त्रास पारलिंगी व्यक्तींमध्ये जास्त आढळतात. त्यामागे नाकारलं जाणं, हिणवलं जाणं, घर सुटणं, पैशाची चणचण आणि आपलं गुपित फुटेल ही सततची धास्ती असते. म्हणून नुसती गोळी लिहून देऊन भागत नाही, कामाची जागाही बदलावी लागते. या पानावर जास्त जागा कामाच्या जागेला दिली आहे ती म्हणूनच.

मग मॉडेलिंगमध्येच एवढा ताण का?

इथे शरीर हाच माल. कास्टिंगला (कामासाठी मॉडेल निवडताना) टेप लावून मापं घेतात, ती मोठ्याने वाचतात, आणि समोर माणूस उभा असताना खांदे रुंद आहेत, जबडा जड आहे असं त्याच्याविषयी आपसात बोलतात. हे सगळ्याच मॉडेलना सोसावं लागतं. पारलिंगी मॉडेलच्या बाबतीत मात्र नेमक्या त्याच जागा वर्षानुवर्षं दुखऱ्या असतात.

दुसरं कारण याहून चिवट आहे. नकार मिळतो, पण कारण कधीच कळत नाही. उंची कमी पडली, चेहरा त्या कलेक्शनला जुळला नाही, की पारलिंगी असल्यामुळे गाळलं? सिसजेंडर (म्हणजे पारलिंगी नसलेल्या) मॉडेलला हा तिसरा प्रश्न पडत नाही. पारलिंगी मॉडेल तो प्रश्न घेऊन घरी जाते आणि रात्रभर त्यावर विचार करत बसते. नेपाळची अंजली लामा २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबईत लॅक्मे फॅशन वीकच्या रॅम्पवर चालली. त्या फॅशन वीकमध्ये चालणारी ती पहिली पारलिंगी मॉडेल. त्याआधी तिथल्याच ऑडिशनमध्ये तिला दोनदा नकार मिळाला होता.

यावर एक साधा उपाय चालतो. प्रत्येक कास्टिंगनंतर वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, काम कशाचं होतं, काय मागितलं होतं (उंची, माप, वय), आणि तिथे प्रत्यक्ष काय बोललं गेलं. तर्क लिहू नका, फक्त घडलेलं लिहा. पंधरा-वीस नोंदी झाल्या की कोऑर्डिनेटरसोबत बसून वाचा. एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा ओळखीवरून टोमणे आले असतील तर ते उघड दिसतं आणि तिथलं काम घेणं थांबवता येतं. बाकी नकार उंचीचे किंवा मापाचे निघाले तर मनावरचं एक ओझं उतरतं. शिवाय तक्रार करायची वेळ आली तर हीच वही कामाला येते.

एजन्सीला माझी ओळख सांगायलाच हवी का?

सांगायलाच हवी असं नाही. आपली लिंगओळख उघड न करणं म्हणजे फसवणूक नव्हे.

पण लपवून काम करण्याची किंमत या धंद्याने पाहिली आहे. ट्रेसी नॉर्मन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय मॉडेल १९७० च्या दशकात क्लेरॉलच्या केसांच्या रंगाच्या खोक्यावर झळकली होती. १९८० च्या सुमारास एका मासिकाच्या शूटवर केशभूषाकाराच्या सहायकाने तिला ओळखलं, संपादकाच्या कानावर घातलं, आणि अमेरिकेतली कामं आटली. ब्रिटनमध्ये कॅरोलाइन कॉसीचं गुपित १९८१ मध्ये एका टॅब्लॉइडने छापलं. दोघींच्या कामात काही कमी नव्हतं. दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय सांगितलं, एवढंच कारण पुरलं.

म्हणून आमचा सल्ला असा. कुणाला काय माहीत असावं हे तुम्ही ठरवा आणि ते लिहून ठेवा. बहुतेकांना जमणारी रचना अशी: एजन्सीतल्या एकाच माणसाला सगळं माहीत, क्लायंटला फक्त कामापुरतं, ग्रीनरूममध्ये कुणालाच नाही. एजन्सीकडून ईमेलवर एक वाक्य घ्या: ‘मॉडेलच्या लिंगओळखीबद्दलची कोणतीही माहिती मॉडेलच्या लेखी परवानगीशिवाय क्लायंट, माध्यमं किंवा इतर कुणालाही दिली जाणार नाही.’ तोंडी आश्वासन पुरेसं नाही, कारण कोऑर्डिनेटर बदलतात आणि ईमेल मागे राहतो.

अंतर्वस्त्रं, स्विमवेअर किंवा अंगाला घट्ट बसणारे कपडे असतील तर एजन्सीला आधीच कळवलेलं बरं. तिथे आयत्या वेळी फिटिंगमध्ये विषय निघतो आणि सर्वांसमोर निघतो.

‘तुझं सगळ्यांना सांगेन’ म्हणून कुणी पैसे किंवा आणखी काही मागत असेल तर ती खंडणी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ त्याला लागू होतं. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढताना तारीख आणि नंबर दिसेल असं पाहा.

कॉल शीटवर (शूटच्या वेळा आणि माणसांच्या यादीवर) जुनंच नाव येतं. एवढ्याशा गोष्टीचा इतका त्रास का होतो?

ती एवढीशी गोष्ट नाही. अमेरिकेतल्या १२९ पारलिंगी तरुणांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम आणि मित्रमंडळी या चारपैकी जितक्या जास्त ठिकाणी स्वतः निवडलेलं नाव वापरायला मिळत होतं, तितकी नैराश्याची लक्षणं आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले.

जुनं नाव बहुधा हिशेबाच्या कागदांतून बाहेर पडतं. बँक खातं आणि पॅन कार्ड जुन्या नावावर असतं, बिल त्या नावाने जातं, आणि प्रॉडक्शनमधलं कुणीतरी तेच नाव उचलून कॉल शीटवर टाकतं. मग गेटवरचा सुरक्षारक्षक, मेकअपची खुर्ची, कपड्यांच्या हँगरवरची चिठ्ठी असं सगळीकडे ते पोहोचतं. उपाय म्हणजे दोन नावं वेगळी ठेवणं. बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहा: ‘कामाचं नाव अमुक. कॉल शीट, गेट पास, लाइनअप बोर्ड, हँगर टॅग आणि क्रेडिटमध्ये हेच नाव हवं. बिलावरचं नाव फक्त अकाउंट्स विभागासाठी.’ (लाइनअप बोर्ड म्हणजे रॅम्पवर कोण कोणत्या क्रमाने चालणार याची पाटी.) स्टुडिओच्या गेटवर ओळखपत्र तपासणार असतील तर आदल्या दिवशी कोऑर्डिनेटरकडून तिथे कळवून ठेवा.

हार्मोन सुरू आहेत. कॉम्प कार्डवरच्या (मॉडेलचे फोटो आणि मापं असलेल्या कार्डावरच्या) मापांचं काय करायचं?

दर तीन महिन्यांनी मापं पुन्हा घ्या, पोलरॉइड (मेकअपशिवायचे साधे फोटो) नवे काढा आणि तारीख घाला. इस्ट्रोजेनवर (स्त्री हार्मोन) साधारण तीन ते सहा महिन्यांत छाती वाढायला आणि चरबीची ठेवण बदलायला सुरुवात होते. ही प्रक्रिया दोन ते पाच वर्षं चालू राहते. त्वचा मऊ पडते. उंची, खांद्यांची रुंदी आणि आवाज बदलत नाही. टेस्टोस्टेरॉनवर (पुरुष हार्मोन) पहिल्या काही महिन्यांतच त्वचा तेलकट होते आणि मुरुमं येतात, पहिल्या वर्षात आवाज घोगरा होऊ लागतो, दाढी पुरती यायला मात्र काही वर्षं लागतात. मुरुमांचा काळ क्लोजअपच्या कामाला वाईट असतो. त्या महिन्यांत रॅम्प किंवा लुकबुकची (ब्रँडच्या कपड्यांच्या फोटोपुस्तिकेची) कामं घेतलेली बरी.

जुनं माप सांगून काम घेतलं की फिटिंगला कपडा बसत नाही, चार माणसांसमोर चेन अडकते, आणि मग सगळा दोष मॉडेलला आपल्या शरीराचा वाटतो. शरीराचं काही चुकलेलं नसतं, कार्ड जुनं असतं.

औषधांच्या दुकानातून गोळ्या आणून घेतल्या तर?

कृपा करून घेऊ नका. घाईत सर्रास घेतल्या जातात त्या गर्भनिरोधक गोळ्या. त्यातलं कृत्रिम इस्ट्रोजेन जास्त मात्रेत घेतलं की रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, सिगारेट ओढणाऱ्यांना आणखीच. एका पायाला सूज येऊन दुखणं, अचानक छातीत दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर शूट सोडून रुग्णालयात जा.

डॉक्टरांच्या देखरेखीखालीही दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुष हार्मोनचा परिणाम रोखणारं औषध) घेत असाल तर लघवी जास्त होते आणि रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. शूटवर दिवसभर नारळपाणी दिलं जातं आणि त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किती चालेल हे डॉक्टरांना विचारा आणि रक्ततपासणी टाळू नका. त्याच कामाचं दुसरं औषध सायप्रोटेरॉन घेणाऱ्या काहींना मन खिन्न राहण्याचा त्रास होतो. नवीन औषध सुरू झाल्यावर मूड सतत खालावलेला वाटला तर ‘मीच कमकुवत’ असं ठरवू नका. तारखा घेऊन डॉक्टरांकडे जा. मनाने डोस बंद करणं किंवा फॅशन वीकच्या तोंडावर वाढवणं दोन्ही घातक आहे.

दाढीची सावली दुपारनंतर दिसायला लागते आणि माझा सगळा धीर सुटतो.

बारा तासांच्या शूटमध्ये हे हमखास होतं. सकाळी नऊला केलेली दाढी चारच्या सुमारास फाउंडेशनखालून करडी दिसू लागते आणि मोठ्या मॉनिटरवर ती आधी स्वतःलाच दिसते. मेकअप आर्टिस्टला सांगा की फाउंडेशनआधी केशरी किंवा पीच रंगाचा करेक्टर पातळ थापून लावा. सावळ्या त्वचेवर केशरी चालतो, उजळ त्वचेवर पीच. नुसतं फाउंडेशन जाड थापलं तर करडेपणा जात नाही, थर मात्र फुटतो. क्लोजअप सकाळच्या सत्रात ठेवायची विनंती बुकिंगच्या वेळीच करा. फोटोग्राफर सहसा नाही म्हणत नाहीत.

लेझर करत असाल तर सत्रं साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने होतात आणि सहा-आठ तरी लागतात. मधल्या काळात थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करू नका. केस मुळातून निघाला की लेझरला पकडायला काही उरत नाही. रेझर चालतो. लेझरनंतरच्या आठवड्यात उन्हातलं बाहेरचं शूट घेऊ नका, डाग पडतात.

बाइंडर आणि टकिंगबद्दल काय काळजी घ्यावी?

बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) एका दिवसात आठ तासांपेक्षा जास्त नको आणि झोपताना अजिबात नको. मापापेक्षा लहान घेऊ नका. क्रेप बँडेज किंवा पॅकिंगची टेप छातीला गुंडाळू नका, कारण श्वासासोबत ती सैल होत नाही आणि बरगड्यांना इजा होते. कॉल टाइम पहाटे पाचचा आणि शो रात्री आठचा असेल तर फिटिंग आणि मेकअपच्या वेळी बाइंडर काढून सैल शर्टात बसा, लाइनअपच्या आधी घाला.

टकिंगसाठी (जननेंद्रिय मागे दाबून पुढचा भाग सपाट दिसावा म्हणून) गॅफ ही खास घट्ट चड्डी वापरा. टेप लागणारच असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारी त्वचेची टेप घ्या आणि काढताना आधी खोबरेल तेल लावून सैल करा. ओढून काढली की त्वचा सोलते आणि दुसऱ्या दिवशी चालवत नाही.

सगळ्यात जास्त त्रास मात्र पाणी न पिण्याने होतो. स्वच्छतागृहात कुणी अडवेल किंवा टेप काढावी लागेल म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, असं अनेकजण करतात. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो, दिव्यांच्या उकाड्यात चक्कर येते, चिडचिड वाढते. कोणतं स्वच्छतागृह वापरायचं हे सकाळी पोहोचल्यावर पाच मिनिटांत ठरवून घ्या.

आम्ही डिझायनर / शो डायरेक्टर आहोत. ग्रीनरूममध्ये नेमकं काय करावं?

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण यातलं बहुतेक काम फुकटात होतं.

ग्रीनरूमच्या एका कोपऱ्यात कपड्यांच्या दोन रॅक आणि एक चादर लावून आडोसा करा. तो सर्व मॉडेलना खुला ठेवा. ‘हा त्यांच्यासाठी’ असं म्हटलंत की पारलिंगी मॉडेलकडे बोट दाखवल्यासारखं होतं. कपडे बदलताना फोटो आणि व्हिडिओ पूर्ण बंद, ‘बॅकस्टेज कंटेंट’ काढणाऱ्या माणसालाही. प्रत्येक मॉडेलला एकच ड्रेसर नेमा. त्या ड्रेसरने अंगाला हात लावण्याआधी सांगायचं: ‘मागची चेन लावते’, ‘कमरेला पिन मारतोय’. पाठीमागून न सांगता हात आला की दचकणं, गोठून जाणं हे अनेकांना होतं आणि ते शोच्या दहा मिनिटं आधी होऊ नये.

मापं मोठ्याने ओरडू नका, कागदावर लिहा. सर्वनाम आणि नाव लाइनअप बोर्डवरच असू द्या. कुणाचं चुकलं तर दुरुस्त करून पुढे जा, लांबलचक माफी मागू नका. त्या माफीनंतर मॉडेललाच समोरच्याची समजूत काढत बसावं लागतं. ‘सर्जरी झाली का?’ हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही. कपड्यासाठी खरंच काही जाणून घ्यायचं असेल तर ‘या गाऊनखाली तुला कोणता सपोर्ट लागेल?’ असं विचारा. त्यातून पुरेसं कळतं.

आणखी एक. शोस्टॉपर (शोचं मुख्य आकर्षण) म्हणून शेवटी एकदाच आणून टाळ्या घेण्यापेक्षा लाइनअपमध्ये सातव्या नंबरवर चालवा. तीच खरी नोकरी. कॅमेऱ्यामागेही माणसं घ्या: मुंबईची डिझायनर सायशा शिंदे हिने २०२१ च्या जानेवारीत आपण ट्रान्स स्त्री असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षीच्या मिस युनिव्हर्स स्पर्धेच्या अंतिम फेरीतला हरनाझ संधूचा गाऊन तिचाच होता.

वजन कमी करायला सांगतात. शिवाय बारीक झालं की मला स्वतःलाही बरं वाटतं. यात धोका काय?

धोका त्या दुसऱ्या वाक्यात आहे. खाणं कमी केलं की ट्रान्स पुरुषाचे (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषाचे) नितंब उतरतात, पाळी थांबते. ट्रान्स स्त्रीला आपण लहानखुरं, नाजूक दिसतोय असं वाटतं. म्हणजे उपाशी राहून डिस्फोरियाला तात्पुरता आराम मिळतो आणि वरून काम मिळाल्याची शाबासकीही मिळते. अशी दुहेरी पकड सुटायला कठीण असते. नेहमीच्या आहारतज्ज्ञाच्या हे लक्षातही येत नाही. म्हणून त्यांना आणि समुपदेशकाला नेमकं सांगा की बारीक होण्याने मला कशापासून सुटका मिळते. त्यावर योग्य हार्मोन उपचार, पाळी थांबवण्याचे वैद्यकीय उपाय, कपड्यांचे पर्याय असे दुसरे मार्ग आहेत.

धोक्याच्या खुणा: उभं राहताना चक्कर, केस गळणं, सतत थंडी वाजणं, खाल्ल्यावर उलटी काढणं, जेवणाच्या सुट्टीत नेमकं गायब होणं. फ्रान्समध्ये मॉडेलना काम करण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन मोठ्या फॅशन समूहांनी २०१७ मध्ये केलेल्या सनदेत अतिलहान मापाच्या मॉडेल घेणं बंद करणं आणि कामाच्या काळात मानसशास्त्रज्ञ उपलब्ध ठेवणं या अटी आहेत. आपल्याकडे असं बंधन नाही, म्हणून एजन्सीशी करार करताना वजनाचा आकडा करारात येऊ देऊ नका.

फक्त जूनमध्येच फोन येतात. हे मनाला लागतं.

लागणारच. वर्षाचे अकरा महिने शांतता आणि जूनमध्ये, म्हणजे एलजीबीटी समुदायाच्या प्राइडच्या महिन्यात, सहा ब्रँड, तेही ‘एक्सपोजर मिळेल’ म्हणत. अशा कामाला होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा: याच कामासाठी इतर मॉडेलना किती देता, फोटो कुठे आणि किती महिने वापरणार, आणि जाहिरातीत माझ्याविषयी काय लिहिणार. मजकूर छापण्याआधी तुम्हाला दाखवण्याची अट घाला. ‘संघर्षातून उभी राहिलेली’ हे तुम्हाला नको असेल तर ते छापायचं नाही. दरांबाबत ठाम राहा. पेमेंट यायला साठ-नव्वद दिवस लागतात आणि एजन्सीचं कमिशन जातं, तेव्हा फुकटच्या कामाचा खर्च तुमच्याच खिशातून होतो. पैशाची तंगी हेही मनाच्या आजाराचं मोठं कारण आहे, ते वेगळं काढून ठेवता येत नाही.

चांगलं काम वर्षात कधीही होतं. केरळच्या भीमा ज्वेलरीची पारलिंगी मुलीच्या लग्नावरची जाहिरात २०२१ च्या एप्रिलमध्ये आली आणि त्यात पारलिंगी मॉडेलच होती.

जाहिरात प्रसिद्ध झाली की कॉमेंट्समध्ये घाण येते.

पहिले दोन-तीन दिवस सर्वात वाईट असतात, त्यामुळे तयारी आधी करा. ब्रँडच्या पेजवरच्या कॉमेंट्स ब्रँडने तपासायच्या हे करारात घ्या. तुमच्या खात्यावर शिव्यांचे शब्द, मराठी-हिंदी दोन्ही आणि रोमन स्पेलिंगसकट, फिल्टरमध्ये टाका. त्या दिवसांत खातं एखाद्या मैत्रिणीच्या हाती द्या. पुरावा म्हणून जपायच्या कॉमेंट्स तीच जपेल, तुम्ही वाचायची गरज नाही.

कपडे बदलतानाचा फोटो किंवा व्हिडिओ बाहेर आला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागू होतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आधी लिंक आणि स्क्रीनशॉट जपा, मग प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर.

सेटवर अचानक घाबरायला होतं, श्वास कोंडतो.

आधी बाइंडर, कॉर्सेट, जे काही आवळलेलं असेल ते सैल करा. मग बसा, पाय जमिनीवर टेकवा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, तोंडाने सहा ते आठ आकडे मोजत सोडा. सोडणं लांब हवं, हेच महत्त्वाचं. मनगटावर गार पाणी. घबराटीची लाट सहसा काही मिनिटांत शिखरावर जाते आणि ओसरते. ती गेल्यावर थोडं खा, कारण पहाटेपासून उपाशी राहून कॉफी पिणं हे सेटवरच्या घबराटीचं नेहमीचं कारण आहे. स्टायलिस्ट किंवा ड्रेसरपैकी एकाला आधीच एक खुणेचा शब्द सांगून ठेवा, म्हणजे त्या क्षणी समजावत बसावं लागणार नाही.

छातीतलं दुखणं थांबत नसेल आणि इस्ट्रोजेन चालू असेल तर त्याला घबराट समजून बसू नका, डॉक्टर गाठा.

समुपदेशक कसा निवडावा?

पहिल्या फोनवरच विचारा: पारलिंगी व्यक्तींसोबत काम केलं आहे का, क्वीअर-अफर्मेटिव्ह (लिंगओळख आणि लैंगिक कल आहे तसा स्वीकारून समुपदेशन करण्याचं) प्रशिक्षण घेतलं आहे का, आणि हार्मोनसाठी पत्र लागलं तर देता का. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा असा अभ्यासक्रम आहे. १९९४ पासून काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्थाही योग्य ठिकाणी पाठवू शकते. पहिल्या दोन सत्रांत तुम्हालाच त्यांना सगळं शिकवावं लागत असेल तर बदला.

‘बरं करून देतो’, ‘पुन्हा नॉर्मल करतो’ असं म्हणणाऱ्याकडून उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा तथाकथित उपचारांना डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार लिंग किंवा लैंगिक कल यावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा आणि गुप्ततेचा हक्क तुम्हाला आहे.

शूटच्या वेळा बेभरवशाच्या असतात, त्यामुळे ऑनलाइन सत्रं देणारा आणि रद्द करण्याचे नियम लवचीक असणारा समुपदेशक शोधा. फॅशन वीकच्या आधी आणि नंतर, दोन्ही आठवड्यांत सत्र ठरवा. गर्दी आणि टाळ्या संपल्यानंतरचा आठवडा बहुतेकांना जास्त जड जातो.

कागदपत्रांचं कुठून सुरू करायचं?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम यांत जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद आली, आणि त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करता येऊ लागला. कायद्यात आणि नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरच्या सूचना वाचा किंवा हमसफरसारख्या संस्थेच्या वकिलाला विचारा.

नाव बदलायचं असेल तर राजपत्रातली नोंद, मग आधार, मग पॅन, मग बँक, शेवटी पासपोर्ट असा क्रम सोयीचा पडतो. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकीवर आधीचा कागद मागतात. पॅनच्या अर्जात २०१८ पासून पारलिंगी हा पर्याय आहे. राजपत्राच्या प्रती जास्त काढून ठेवा आणि परदेशातलं काम हातात असेल तर त्या व्हिसाचा मामला पूर्ण होईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका.

भेदभाव किंवा छळ झाला तर?

२०१९ च्या कायद्याचं कलम ९ नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतं. कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. शारीरिक, लैंगिक, मानसिक छळासाठी कलम १८ मध्ये सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली आहे. फ्रीलान्स कामात अडचण अशी की मालक नेमका कोण हेच धूसर असतं: ब्रँड, प्रॉडक्शन हाउस की एजन्सी. म्हणून तक्रारीचा ईमेल तिघांनाही एकदम पाठवा, घटनेच्या दिवशीच, आणि साक्षीदाराचं नाव लिहा. एकट्याने पोलीस ठाण्यात जाऊ नका. संस्थेचा माणूस किंवा वकील सोबत न्या.

मी ट्रान्स पुरुष आहे / नॉन-बायनरी (फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष अशी ओळख नसलेली व्यक्ती) आहे. माझ्यासाठी काम आहे का?

आहे, पण कमी. पुरुषांच्या रॅम्पवर उंचीची अट आडवी येते. कॅटलॉग, दागिने, चष्मे, डेनिम आणि ऑनलाइन ब्रँडच्या लुकबुकमध्ये ती अट सैल असते. नॉन-बायनरी मॉडेलनी स्त्री आणि पुरुष अशी दोन्ही मापांची कार्डं बनवावीत आणि कोणत्या विभागाचे कपडे चालतील हे त्यावरच लिहावं.

आमचं मूल सतरा वर्षांचं आहे, पारलिंगी आहे, आणि मॉडेलिंगच करायचं म्हणतंय. आम्ही काय करावं?

आधी त्याने निवडलेलं नाव घरात वापरायला लागा. ते आज करता येतं.

मग अठरा पूर्ण होईपर्यंत करारावर पालकाची सही लागते, तेव्हा शूटला सोबत जा आणि अंतर्वस्त्रांची कामं नाकारा. पोर्टफोलिओच्या नावाखाली आगाऊ मोठी रक्कम मागणाऱ्या एजन्सीपासून लांब राहा. चांगली एजन्सी कामातून कमिशन घेते. सुरुवातीला साध्या टी-शर्टमध्ये, खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय फोनवर काढलेले चार-पाच फोटो पुरतात: समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा, हसरा. शिक्षण सुटू देऊ नका. हार्मोनविषयी एंडोक्रायनोलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनाही एकत्र भेटा, आणि त्या भेटीत काही वेळ मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.